बाईजाची परवानगी

३ फेब्रुवारी, सोमवार
मुरबाडला पोचले. एसटीत खिडकीची जागा मिळाली, खोलीही हवेशीर आहे. मालकीणबाईंनी आल्या आल्या गरम भाकरी वाढली. नोंदणी केंद्रातलं काम दोन आठवड्यांचं. इथल्या जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकावर, मुरबाड-शहापूरकडच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. कुणी नोंद नुसती बघायची, कुणी बदलायची, हे आजवर डेटाबेसमध्येच ठरायचं. आता या सगळ्या परवानग्या मुख्य कार्यालयाच्या एकाच सुरक्षा यंत्रणेत न्यायच्या. इथल्या दारांची कुलपंही तिच्यावरच चालतात. सत्त्याण्णव खाती आहेत. मजेत होईल.

६ फेब्रुवारी, गुरुवार
शहाण्णव खाती नव्या यंत्रणेत गेली. एक अडलं आहे. बाईजा मेंगाळ, इथली जुनी ऑपरेटर. निवृत्तीनंतर तिला फक्त बघायची परवानगी ठेवलेली. रोज सकाळी अकरा दहाला तिच्या खात्यातून एकच नोंद उघडते: चिमी मेंगाळ, वय नऊ, नदीत बुडून मृत्यू. उघडते मागच्या खोलीतल्या यंत्रावरून. जाऊन पाहिलं, त्याची वायरच कापलेली आहे.
शिपाई नवसूला विचारलं. तो म्हणाला, बाईजा वारली त्याला दोन वर्षं झाली. सिद्धगडाखालच्या वाडीतली. चिमी तिची एकुलती एक. मग हळूच म्हणाला, "ती नुसती पोरीला बघते, मॅडम. तिला तेवढंच राहू द्या. जास्ती काय देऊ नका."
मी वैतागले. असल्या गोष्टींना माझ्याकडे वेळ नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
मुख्य कार्यालयातल्या कुलकर्णी साहेबांना फोन केला. म्हणाले, मृत्यूची नोंद दाखवा, खातं बंद करतो. बाईजाच्या मृत्यूची नोंदच नाही. वाडीच्या नोंदी तीच करायची. तिची कोण करणार? मला ती करायचा अधिकार नाही. ज्यांना आहे ते शहापूरला बसतात. जीपमध्ये अंग चोरून बसून गेले. कार्यालयाला कुलूप, तिथले साहेब रजेवर. चहाही न घेता परत. डोकं नुसतं भणभणतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
कुलकर्णी साहेब फोनवर ओरडले. सत्त्याण्णव म्हणजे सत्त्याण्णव, आजच. नव्या यंत्रणेत नुसतं बघणाऱ्यांचा गटच केलेला नाही. तो मागायला अर्ज, अर्जाला पंधरा दिवस. शेवटी बाईजाचं खातं जुन्या ऑपरेटरांच्या गटात टाकलं. त्या गटाला नोंदी खोडता येतात, दारं उघडता येतात, दुसऱ्यांची खाती बंद करता येतात. मला माहीत होतं. मेलेलं माणूस काय खोडणार, म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
अकरा दहा. चिमीची मृत्यूची नोंद गेली. फक्त जन्माची उरली.
बाराच्या सुमारास नवसू आत आला. पायरीवर एक पोर बसली आहे, म्हणाला. फ्रॉकमधून पाणी गळतंय, थांबत नाही. त्याने विचारलं, कुणाची गो तू? तर ती म्हणाली, "माझी आय आत हाय."
नवसू किल्ल्या टेबलावर ठेवून घरी गेला. मी खिडकीतून पाहिलं. पायरी ओली होती. पोर नव्हती.

१४ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
पुन्हा मृत्यूच्या नोंदी खोडतेय. आता थांबतच नाही. सिद्धगडाकडच्या वाड्या झाल्या. वैशाखरे गाव चालू आहे. चाळीस — साठ —
तिला गटातून काढायला गेले. पडद्यावर आलं, तुम्हाला परवानगी नाही. माझंच खातं बंद. कुणी केलं ते नाव समोर आहे —
साहेबांना फोन केला. म्हणाले, रीतसर तक्रार टाका, सोमवारी बघू. मी रडत होते. त्यांनी फोन ठेवला.

११.०५
बाहेर माणसं. उन्हात उभी. कपाळाला गुलाल. एका म्हातारीच्या नाकात अजून कापूस —
फाटक आपोआप उघडलं.

११.०९
मशीनच्या खोलीत आहे. माझ्या कार्डाने बाहेर पडता येत नाही. दारावरचा दिवा लाल, म्हणजे कुलूप लागलेलं. लाल आहे तोवर —
दाराखालून पाणी येतंय. पलीकडे पोर कुणाशी तरी बोलतेय. बाई तिला समजावतेय, थांब गो, उघडते —
दिवा हिर