दातांत धरलेली सळई

५ सप्टेंबर
भवानी नदीकाठच्या पंपघरात आज रुजू झाले. कोइमतूरच्या कारखान्यात आयुष्यभर पंप तपासले. निवृत्तीनंतर इथल्या शेतकरी संघानं देखरेखीला बोलावलं. जागा झकास आहे. खिडकीबाहेर हळदीची शेतं, मागे पायऱ्यांची विहीर, पंपाला लागूनच माझी खोली. पंपचालक नाचिमुत्तू बोलका आहे. त्याची बायको पोन्नात्ता हिनं हुलग्याचं सार पाठवलं. मीठ कमी होतं, तसं कळवलं.

नाचिमुत्तू लोखंडी सळईचं एक टोक पंपाला टेकवतो, दुसरं दातांत धरतो. पंपाच्या पोटातला आवाज थेट कवटीत ऐकू येतो. कारखान्यातले जुने फिटर असंच करत. मीही धरली. संथ, सुरेल घरघर.

१७ सप्टेंबर
घरघर बिघडली. पंप खडी चघळल्यासारखा वाजतो. विहिरीतल्या पाइपच्या तोंडाला जाळी आहे, ती शेवाळानं तुंबते. मग पंपात दाब इतका उतरतो की थंड पाण्यालाही उकळी फुटते. ते बुडबुडे पंपाच्या आतल्या फिरत्या पंख्यावर फुटतात आणि लोखंडाचे टवके उडवतात. नाचिमुत्तूला समजावलं. तो म्हणाला, म्हणजे अक्का, पंपाला घोट मिळेना की तो स्वतःलाच खातो. मला हसू आलं. दाखवलं नाही.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा
सकाळी आवाज फार वाढला. नाचिमुत्तूनं पंपाला चंदन-कुंकू लावलं, दारात कोहळा फोडला आणि पंप बंद करायला निघाला. आज पान्यालासुद्धा विश्रांती असते, म्हणाला. जाळी उद्या काढू. मी म्हटलं, हळदीला सण कळत नाही. पंप चालूच राहू दे. बंद केला तर पुन्हा पाणी भरत बसावं लागेल. पोट रिकामं झालं की हा पाणी उचलत नाही. तसाच विहिरीत उतर. त्यानं हात जोडले. भीती वाटत असेल तर बायकोला पाठव, म्हटलं. पोन्नात्ता दारातच उभी होती.

तो उतरला. जाताना एवढंच म्हणाला, अक्का, सळईला कान ठेवा.

सळई दातांत धरली. थोड्या वेळानं खडीचा आवाज एकदम भडकला. पाइपचं तोंड पुरतं बंद झाल्याची खूण, अगदी पुस्तकाबरहुकूम. इतका स्वच्छ नमुना कारखान्यातही ऐकला नव्हता. मी ऐकत राहिले.

जाळी त्यानं काढली होती. तोंड त्याच्या छातीनं बंद झालं होतं.

४ ऑक्टोबर
पाय घसरला असावा, असं पोलिसांना सांगितलं. पोन्नात्तानं मध्येच विचारलं, अक्का, तुम्ही ऐकतच होता ना? मग ऐकू कसं नाही आलं?

आगाऊ बाई.

१३ ऑक्टोबर
पंप उघडला. पंख्याला खड्डेच खड्डे, कुणी चावल्यासारखे. नवा पंखा, नवी जाळी. बाहेरून आवाज सुरेख.

सळईत मात्र खडी. पंखा बसवणाऱ्या फिटरला ऐकायला लावलं. त्याला काही ऐकू आलं नाही. म्हणाला, अम्मा, दात दाखवून घ्या.

जेवताना दाढेचा तुकडा पडला.

१८ ऑक्टोबर
संघानं नवऱ्याच्या जागी पोन्नात्ताला घेतलं. स्टार्टर आता तिच्या हाती. माझ्याशी बोलत नाही. दुपारी पेज आणते, एक वाटी पंपापाशी ठेवते.

आरशात पाहिलं. पुढच्या दातांना खड्डे. पंख्यासारखे.

२१ ऑक्टोबर
दुपारी वीज गेली. पंप थांबला. सळई धरली—
तीच खडी.

२२ ऑक्टोबर
खडी नव्हे. दात. कुणाचे तरी दात वाजताहेत, पाण्यात गारठल्यासारखे.
सळई फेकून दिली. तरी—

२४ ऑक्टोबर
तोंड मिटलं की बोलतो. अक्का, पंप बंद करा. एवढंच. पुन्हा पुन्हा.
खालचा दात पडला. दुखलंही नाही. पोकळ होता—

२५ ऑक्टोबर
पोन्नात्ताला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, मग खाली जाऊन सोडवा त्याला. जाळी काढा.
मी गेल्याशिवाय हे थांबणार नाही.

विहिरीच्या शेवटच्या पायरीवर लिहिते आहे. पाणी पाइपकडे ओढलं जातंय. वर ओरडले, पंप बंद कर. ती मागच्या दारात, स्टार्टरपाशीच आहे. हलली नाही. म्हणाली, चालूच राहू दे, अक्का. बंद केला तर पुन्हा पाणी भरत बसावं लागेल.

मी फेकलेली सळई तिच्या दातांत आहे. ऐकते आहे.

पायरी शेवाळली—