गळ आणि आमिष

३ मार्च
रिपोर्ट आला. माझी किडनी दादाला जुळते! वहिनी फोनवर रडत होती, आनंदाने. मी 'छान' म्हणालो.

५ मार्च
चर्चमधला माझा रविवारचा वर्ग. विषय – वधस्तंभाचा, म्हणजे क्रुसावरच्या मरणाचा, अर्थ पहिल्या शतकांतले ख्रिस्ती काय लावत. आपली शिक्षा ख्रिस्ताने भोगली, हे आज आपण सगळ्यात आधी म्हणतो. त्यांचा भर मृत्यूवरच्या विजयावर जास्त. एक दृष्टान्त त्यांच्यात चालायचा – ख्रिस्ताचं माणूसपण हे आमिष, आत दडलेलं देवपण हा गळ. मृत्यूने आमिष गिळलं आणि अडकला.

निवृत्त नर्सबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे सर, देवाने चक्क फसवलं?"

सगळे हसले. मी सांगितलं, तेव्हाही काहींना हे खटकलं होतं. त्यावर उत्तर असं, की वैद्यसुद्धा औषध अन्नात लपवून देतो. बाईंना पटलं नाही. मलाही नाही.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. तो वधस्तंभावर स्वतःहून गेला.

९ मार्च
भुलीतून जागाच झालो नाही तर?

११ मार्च
डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बसवलं, दार लावलं. म्हणाले, मनापासून सांगा; नको असेल तर पुढच्या तपासणीत जुळलं नाही एवढंच घरी कळवू, खरं कारण आमच्याकडून बाहेर जात नाही.

टेबलावर प्लास्टिकची किडनी होती, अर्धी उघडलेली. तिच्याकडे बघत मी 'नको' म्हणालो. तीन मिनिटंही लागली नाहीत.

वहिनीने बाहेर विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, अजून एक तपासणी आहे.

१३ मार्च
दादाचं डायलिसिस चालू होतं. डॉक्टरांचा निरोप त्याला कालच मिळालेला. मोकळ्या हाताने माझा हात धरला. "तू तयार होतास ना, मला तेवढं पुरे." वर चेष्टा – तुझी किडनी घेतली असती तर मीही दर रविवारी लोकांना पिडायला लागलो असतो!

मी हसलो. हसता आलं, याचीच लाज वाटते.

१९ मार्च
वर्गात ख्रिस्ताची बागेतली ती रात्र, पकडला जाण्याआधीची. तोही घाबरला होता, घामाने भिजला होता. नर्सबाई म्हणाल्या, मग घाबरणं पाप नाही. नाही, म्हणालो. पण तो घाबरूनही पुढे गेला. मी घरी आलो.

दादाला खरं सांगायचं. या आठवड्यात.

२५ मार्च
गेलो होतो. क्रिकेटवर बोललो.

४ एप्रिल
दादा गेला. जंतुसंसर्ग, दोन दिवसांत सगळं आटोपलं. सांगायचं राहिलं.

१४ एप्रिल
कागदपत्रं आणायला हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी बसवून घेतलं. म्हणाले, देणाऱ्याला एकट्याला आम्ही विचारतोच, पण त्याआधी तुमचे भाऊ येऊन गेले होते. दादाचे शब्द त्यांना पाठ होते:

"तो भिडस्त आहे, सगळ्यांसमोर हो म्हणेल. नको म्हणाला, तर मला जुळलं नाही म्हणून सांगा. मी विश्वास ठेवीन."