आधी दार, मग खोली

वर्सोनो भावोजी यांस सिदायूहून वहिनीचा सलाम.

मी इकडे तेंपेच्या सोयावड्या तळत असायची, तुमचे दादा पाकोळीघराच्या वरच्या मजल्यावर विष्ठा झाडत असायचे, आणि तिथूनच ओरडायचे, “भोंगा ऐकू येतोय का गं?” मी कढईतून मान वर न करता “येतोय!” म्हणायची. की झालं सकाळचं काम. ते गेल्यापासून वर बटण दाबायलाही मी आणि खाली उभी राहून ऐकायलाही मीच, तेव्हा माझ्या गुडघ्यांची चौकशी न केलीत तरी चालेल. तुमचं पित्त कसं आहे? तिकडे सुरबायाला तिखट बेतानं खाता ना?

वीज पडून भोंगे चालवणारी दादांची चिप जळली, तेव्हा तुम्ही तत्परतेनं नवी पाठवलीत, तीही सुधारित प्रोग्राम भरून. (उपकार विसरले नाही, त्यावरच बोलणार आहे.) दादांचे आवाजाचे आकडे मी जसेच्या तसे घातले. ‘बोलाव’ या आज्ञेच्या कंसात पहिला पंचवीस, दुसरा सहा. पंचवीस म्हणजे दारावरचा भोंगा, उडत्या पाकोळ्यांना हाक मारायला. सहा म्हणजे आतली कुजबुज, बिऱ्हाड भरलेलं वाटावं म्हणून. आठवडाभरात पाकोळीघर ओस, विकायला एक नवं घरटं नाही! मला वाटलं, वास गेला असेल, म्हणून विष्ठेचं पाणी भिंतींना फासलं. (शेजारची सुमार्मी तेव्हापासून कुंपणापलीकडूनच बोलते.) मग घुबडावर संशय घेतला. मग भोंगा बदलला. त्यात तुमचा निरोप, की ईदपर्यंत पक्षी परतले नाहीत तर घर हाजी मुख्लिसना विकून टाकू.

आणि पाकोळ्या गेल्या होत्या कुठे? हाजींच्याच नव्या पाकोळीघरात. पक्षी राहायला आले की कंदुरी घालायची आपली रीत. त्यांनी घातली, आणि शेजारधर्म म्हणून भाताची टोपली मलाही पाठवली. म्हणजे माझ्याच पाकोळ्यांच्या गृहप्रवेशाचं जेवण मला! सुमार्मी म्हणाली, “शिवू नकोस गं, अपमान केलाय मेल्यानं.” मी म्हटलं, “अपमान त्याचा त्याच्यापाशी. कोंबडीनं काय केलंय? ये, बस.”

जेवून उठले ती आता चिपच तपासायची असं ठरवूनच. पहिल्या आकड्याच्या जागी शून्य घातलं आणि खाली धावले. दारावरचा भोंगा गप्प बसायला हवा होता, तर तो आपला पुटपुटतोय. मी सवयीनं “येतोय!” म्हणून ओरडले. वर कोणी नव्हतं. मग शिडी चढले. आत मात्र चिडीचूप! तेव्हा उजेड पडला. तुमच्या सुधारित प्रोग्रामात पहिला आकडा खोलीचा, दुसरा दाराचा. पाकोळ्यांच्या निजायच्या खोलीत लग्नाची वरात, आणि दारात मात्र कुजबुज! राहतील कशा? दादा आधी दार उघडायचे, मग खोलीत जायचे. तुमचा हा प्रोग्राम घरात कुठून शिरतो, त्यालाच ठाऊक.

आकडे उलटे केले. काही संध्याकाळी कोणी फिरकलं नाही. काल एक जोडी भोकातून आत गेली, ती अंधार पडला तरी बाहेर आली नाही.

तुमची वहिनी,
मरफुआ

ता. क. : एका जोडीनं घर भरत नाही, हे मलाही कळतं. भांडायला नको. फक्त तुम्ही हाजींना शब्द देऊन बसलात असं ऐकते, तो मागे घ्या. तेवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा : तुम्हाला लाज वाटत असेल तर हाजींना मीच सांगेन, पण मग मी कशी सांगते ते तुम्हाला माहीत आहे.

ता. क. तिसरा : पत्र टाकायचं राहिलं होतं. वरचं लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्याच्या छताला पुढे येणाऱ्या जोड्यांच्या घरट्यांसाठी नव्या फळ्या ठोकल्या.