पुडी आधी उघडू नका

सेनगावजवळच्या माळावरून,
५ डिसेंबर २००१

प्रभूराव यांस सीमाचा नमस्कार.

बायकोनं नवऱ्याचं नाव लिहून पत्र सुरू केलं म्हणून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू द्या. इकडे सगळे खुशाल आहेत. आईचे गुडघे दुखतात, आबा मेंढरांमागं हिंडतात, थंडी चांगली पडली आहे. सासूबाईंचा खोकला कसा आहे? जीपवाल्या संतरामकडे पत्रासोबत एक पुडी दिली आहे. ती आधी उघडू नका.

तुमचं पत्र मिळालं. माझ्या नावानं नव्हतं, आबांच्या नावानं होतं. त्यात तुम्ही लिहिलंत, पोरीचं डोकं ठिकाणावर आलं असेल तर रविवारी जीप घेऊन येतो. बारावी शिकलेली बायको मेंढरांमागं हिंडते, कचेरीत मान खाली घालावी लागते. यायचं नसेल तर मला दुसरा विचार करावा लागेल. आबांना कुठं वाचता येतं? मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "इचारलंय तुझ्याबद्दल, मंग जवाब बी तूच दे."

तर हा जवाब. डोकं ठिकाणावर आहे. नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, एकही चुकवलेली नाही. मागच्या खेपेला त्यांना सांगितलं, रोज माळावर जाते. ते म्हणाले, गोळ्याही सोडू नका आणि माळही सोडू नका. मी दोन्ही धरून बसले आहे.

पहिल्यांदा आबांनी जवळजवळ ओढूनच नेलं होतं. मी बाभळीखाली नुसती पडून असायची. मग हळूहळू कोणती मेंढी लंगडते, कोणती मागं राहते, हे दिसायला लागलं. एक दिवस खडकावर बसून आख्खी भाकरी खाल्ली, तर आईनं पदर डोळ्यांना लावला. हिंगोलीला तुमच्या घरी त्या खोलीत मला भूकच लागत नव्हती. खिडकीला खिळे ठोकल्यावर कुणाला लागेल?

खिळ्यांचं नाव निघालंच आहे, तर पुढंही बोलते. त्या दिवशी मी आडाच्या काठावर काहून उभी होते, हे तुम्ही एकदाही विचारलं नाही. शेजाऱ्यांना सांगितलंत, घागर पडली होती. मग खिडकीला खिळे आणि दाराला बाहेरून कडी. वर म्हणता, सांभाळलं. अहो, कोंडणं वेगळं आणि राखणं वेगळं. धनगराच्या पोरीला हे तुम्ही शिकवू नका.

आमच्या पारुबाई आत्याचा एक नियम आहे. जिचं लेकरू पोटातच गेलं, तिनं व्यायला आलेल्या मेंढीला हात लावायचा नाही. मी तो पाळलाही. पण गेल्या महिन्यात माळावर एक मेंढी अडली आणि जवळ मी एकटीच होते. हात लावला. कोकरू मेलेलंच आलं. आत्या धावत आली आणि ओरडली, "तरी म्या सांगून राहिले व्हते!"

मेंढी मात्र त्या कोकराला चाटत होती. कळप पुढं निघाला तरी ती हलेना. मी तिला ओढायला गेले, तर आबांनी मला अडवलं. "राहू दे तिला. बघून झालं की येती आपसूक. जबरीनं नेली तं चारा तोंडात घेत न्हाई." त्यांनी सगळा कळप मागं फिरवून तिथंच थांबवला. मी तिच्याजवळ बसले आणि रडले. दवाखान्यात रडले नव्हते, ते तिथं रडले. ऊन कललं तशी ती उठली आणि कळपात गेली.

आपली मुलगी मला कुणी दाखवली नाही. फडक्यात गुंडाळून तुम्ही आणि भाऊजी घेऊन गेलात. कुठं ठेवली ते सांगितलं नाही. विसरून जा म्हणालात, दुसरं होईल. मेंढीला जे मिळालं ते मला मिळालं नाही. याचा मला राग आहे. तो गोळ्यांनी जायचा नाही, आणि जाऊही नये.

पुढची मेंढी अडली तेव्हा मी आत्याच्या देखत पदर खोचला. कोकरू जिवंत आलं, आता उड्या मारतं. पण तेही मेलेलं आलं असतं, तरी तिसरीला मी हात लावलाच असता.

तेव्हा रविवारी आलात तर जीप रिकामी परत जाईल. दुसरा विचार करायचा असेल तर करा, मी आडवी येणार नाही. मला नांदवायची असेल तर आधी ते खिळे स्वतःच्या हातानं उपटा, आणि तिला ठेवली ती जागा मला दाखवा. शिवाय मेंढ्या व्यायच्या दिवसांत मी इकडं येणार. विचारून नाही, सांगून.

आता पुडी उघडा. घुगऱ्या आहेत. आज सकाळी माळावर बारसं केलं. मेलेल्या लेकराचं बारसं नसतं, असं आत्या म्हणाली. आई म्हणाली, "नसंल, तं आजपासून असंल," आणि तिनं गहू-हरभरे शिजायला घातले. नाव ठेवल्यावर पहिली मूठ आत्यानंच पुढं होऊन घेतली. मेंढरांनाही थोड्या टाकल्या.

बापाच्या वाट्याच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आंबायच्या आत खा. फेकून दिल्यात तर तसं कळवा, म्हणजे दुसरा विचार मलाही करता येईल.

राधिकाची आई,
सीमा