हरणी बिथरली तेव्हा

कांता,

मानपाड्याच्या कंपनीचा भोंगा वाजला, तेव्हा मला सीमेवर हल्ला झाल्यासारखंच वाटलं. तुला वाचवायला म्हणून खाली पाडलं आणि तुझाच हात मोडला. तू कल्याणला बहिणीकडे गेलीस, ते बरंच केलंस.

मन थाऱ्यावर यावं म्हणून डॉक्टरांनी मला तबेल्यात धाडलं. आम्हा माजी सैनिकांना तिथे घोड्यांना खरारा करायला लावतात. हरणी घोडी महिनाभर मला जवळच येऊ देईना.

आज बाहेर ट्रकचा टायर फुटला. हरणी बिथरली. मी पळालो नाही. तिच्या मानेवर हात ठेवून म्हणालो, "घाबरू नको गं, मी आहे." ती शांत झाली.

नंतर मी मात्र तासभर कोपऱ्यात डोकं झाकून बसलो होतो. हे वाचलंस तर 'बरा झालोय' असं समजून तू परत येशील, आणि भोंगा तर पुन्हा वाजणारच. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझा,
शिवराम