कोमट समुद्र

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. इकडे सगळं ठीक. दुकानातला पंखा एकदाचा दुरुस्त झाला, बाबांचा गुडघा बरा आहे, आणि तुझ्या खोलीत आता बाटल्यांचे खोके आहेत. आलास तर खोक्यांवर झोपावं लागेल.

मोठी बातमी म्हणजे बाबांनी पाण्याचं अत्तर केलं. हो, ‘पाण्याला कसला वास, उद्या हवा विकाल’ म्हणून ज्यांनी जन्मभर टर उडवली, त्याच बाबांनी. पोहायला शिकवणारी एक बाई आली होती, लग्न ठरलेली. तिला पाण्याचाच वास हवा होता, पण नेहमीचा गार, धुतलेल्या फरशीसारखा नको. अंगाला ऊब वाटेल असा, फुलांचा. बाबा हट्टालाच पेटले. समुद्री अर्क, त्यावर जाई आणि निशिगंध, तळाशी मधाच्या पोळ्यातलं थोडं मेण. उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात कुणी ओंजळभर फुलं सोडावीत, तसा वास. बाई हरखून गेली. तिच्याकडून बातमी एका मोठ्या कंपनीच्या माणसाला लागली. तो सोमवारी येतोय, बाबांना समोर बसून अत्तर जुळवताना बघायला. बाबा हो म्हणून बसलेत.

इथवर वाचून तू खूश झाला असशील. पुढचं लिहायला हात धजत नाही.

ते अत्तर बाबांचं नाही, दादा. त्यांच्या मिश्रणाला मासळी बाजाराचा वास येत होता. मला मळमळत होतं आणि ते शांतपणे आणखी अर्क ओतत होते. आधी वाटलं, सर्दी असेल. मग लक्षात आलं, हल्ली अत्तरात बुडवलेली कागदाची पट्टी नाकाशी धरली की ते माझ्या तोंडाकडे बघतात. माझ्या कपाळाला आठी पडली की म्हणतात, जरा जड झालं, नाही? ते जेवायला गेले की मी सगळं नव्याने जुळवायचे आणि त्यांच्याच बाटलीत भरून ठेवायचे.

काल राहवलं नाही. पट्टी नुसत्या पाण्यात बुडवून त्यांना दिली आणि चेहरा कोरा ठेवला. त्यांनी डोळे मिटून हुंगलं. म्हणाले, "आता फुलं उमलली बघ."

मी मोरीत जाऊन रडले. परत आले तर ते पट्टी उजेडात धरून बसले होते. अत्तराचा तेलकट डाग कागदावर राहतोच. ही पट्टी वाळून पांढरी झाली होती.

"पाणी होतं ना?"

मी मान हलवली.

"बाटली तू बदलतेस तेही ठाऊक आहे मला. सोमवारी माझ्या समोर बस. तुझ्या तोंडाकडे बघून जुळवीन. आणि दादाला कळवू नकोस, तो लगेच दुकान बंद करायला धावेल."

मी नाही म्हणायला हवं होतं, पण तोंडून हो निघून गेलं. सकाळपासून आरशासमोर बसून आठ्या घालायचा सराव करतेय. एवढ्याशा आठीत सगळं कसं सांगू? अर्क जास्त झाला, जाई कमी पडली, आता थांबा बाबा?

तुला ये म्हणवत नाही. येऊ नकोस असंही लिहवत नाही.

तुझी,
बाबांना हो म्हणून बसलेली
धाकटी