मागची ओळ

२९ जानेवारी २०२५

आज ऑफिसात एक बाई आल्या. वनमाला परब. साठीच्या असतील. कापडी पिशवीतून एकेक कागद काढून माझ्या टेबलावर मांडत गेल्या. रेशनकार्ड, लाइटबिल, नवऱ्याचा रेल्वेतला हमालीचा बिल्ला. मुलुंडच्या बंद मालधक्क्यावर, गोदामाच्या मागे नऊ खोल्या आहेत म्हणाल्या. त्यातली एक त्यांची.

"मॅडम, नकाशात आमच्या घरांच्या जागेर हिरवा रंग कशाक?"

हिरवा म्हणजे बाग. आमच्या आराखड्यात तिथे बाग आहे, चालायला ट्रॅक आहे, बाकं आहेत. बाग मीच काढली.

"चाळीस वर्षां झाली माका हय. माझी तीन बाळंतपणां हयच झाली. आणि पुनर्वसनाच्या यादीत आमची नावांच नाय!"

मी म्हटलं, बघते. त्या गेल्यावर कॉम्प्युटरवर सर्वेक्षणाच्या फॉर्मची स्कॅन प्रत उघडली. "गोदामामागील शेड — रिकामी, वापरात नाही." खाली सही. माझी.

मी मागे गेलेच नव्हते.

नोव्हेंबरमधली दुपार होती. मागे जायला नाल्यावर एक फळी टाकलेली होती, ओली, शेवाळलेली. माझ्या पायात नवीन चपला. आमचे सर्वेयर शिवदास तांडेल सोबत होते. ते म्हणाले, "मॅडम, पलीकडे एक फेरी मारू या का? धूर दिसतोय." मी म्हटलं, "कचरा जाळत असतील." आणि तिथेच उभ्या उभ्या फॉर्म भरला.

कोणाच्या तरी चुलीचा धूर होता तो.

३१ जानेवारी

देवेशला सांगायचं पक्कं केलं होतं. देवेश म्हणजे आमचा साहेब, पण कॉलेजपासूनचा मित्र. तो आज आलाच नाही. हुश्श वाटलं! आणि मग हुश्श वाटल्याचीच लाज वाटली.

३ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

मीटिंग होती. वनमालाबाईंनी वर अर्ज दिलाय. देवेश तो हातात नाचवत आला. "नऊ घरं सुटलीच कशी? चोवीस तारखेला आराखड्यावर सुनावणी आहे यार! फील्डवर कोण होतं?"

मी म्हणाले, "फील्डवर तांडेल होते."

खोटं नाही हे. ते होतेच ना. आणि तरी याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेले नाही.

तांडेल समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं, बराच वेळ. मग पेनाला टोपण लावलं. देवेश म्हणाला, "तांडेल, आता डोळे तपासून घ्या तुम्ही. पुढचं कॉन्ट्रॅक्ट काही मी करत नाही." सत्तावन्न वर्षांच्या माणसाला, सगळ्यांदेखत. तांडेल म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं.

४ फेब्रुवारी

व्यवस्थित जेवले. झोपही लागली. हेच भयंकर आहे.

७ फेब्रुवारी

तांडेलांचा शेवटचा दिवस. टेप, गमबूट, ओळखपत्र, सगळं नीट मोजून जमा केलं त्यांनी. माझ्या टेबलाशी आले. "येतो मॅडम." मी काय बोलावं? "टचमध्ये राहू या." थू! टचमध्ये म्हणे.

घरी आले तर आई खुशीत. पेपरच्या उपनगर पुरवणीत आराखड्याचं चित्र आलंय, खाली माझं नाव. आईने कात्रण सोसायटीत चारही मजले फिरवून आणलं होतं. "आमच्या रेवतीने रेल्वेच्या ओसाड जागेत बाग उभी केली, असं सांगितलं मी नाडकर्णींना." मी म्हटलं, अजून काहीच उभं नाहीये. "अगं, होईल ना!"

ओसाड. हा शब्दसुद्धा माझ्याच अहवालातला.

११ फेब्रुवारी

शेवटी गेले मागच्या ओळीत. एकटीच. फळी तीच. दोन पावलांत ओलांडली!

पलीकडे नऊ दारं, प्रत्येक दारापुढे सारवल्यासारखी स्वच्छ लादी. एका दारात कढीपत्ता, एका दारात सायकल, टोकाला सार्वजनिक नळ. इथे कोणी राहत नाही असं म्हणायला माणूस आंधळाच हवा. किंवा मग मी.

वनमालाबाईंनी ओळखलं. प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. मी सांगायलाच गेले होते की चूक माझी आहे. त्याआधी त्याच बोलल्या.

"त्या तांडेलांचो काय दोष नाय हां, मॅडम. त्येंका काय बोलू नकात. ते दुसऱ्या दिवशी एकटेच इल्ले. घराघरात जावन सगळ्यांची नावां लिवन घेतल्यानी. पोरांची वयां पण. म्हणाले, मी मॅडमांकडे देतंय, तुम्ही काळजी करू नकात."

माझं सांगायचं राहिलं. सोलकढी दिली होती, ती पिऊन उठले. निर्लज्जासारखी सगळी पिऊन.

तशीच परत ऑफिसात. फाइल काढली. फॉर्मच्या मागे, टाचणी लावलेला कागद होता. तांडेलांचं सुबक अक्षर. नऊ कुटुंबं, अडतीस माणसं. सगळ्यात लहान अकरा महिन्यांची मुलगी, सगळ्यात मोठे एक्क्याऐंशीचे आजोबा. वर कोपऱ्यात पेन्सिलीने: "रेवती मॅडम, कृपया बघावे."

अडीच महिने होता तो तिथे. मी उघडलीच नव्हती फाइल.

१२ फेब्रुवारी

ऑफिसला दांडी. आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

१५ फेब्रुवारी

तांडेलांच्या घरी जाऊन आले. ते मनोरीला राहतात. मार्वेहून फेरीबोटीने. हा माणूस तेरा वर्षं रोज ही बोट, मग मालाड, मग आमचं ऑफिस करत होता आणि एकदाही उशिरा आला नाही. ते मनोरीचे, हेच मला त्यांच्या नोकरीच्या फॉर्मवर पत्ता शोधताना कळलं.

ओसरीवर बसून सुकवलेले बोंबील निवडत होते. मला बघून उठले, हात धुतले, बायकोला हाक मारली, "अगं, आमच्या मॅडम आल्यात." आमच्या!

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. फॉर्म मी भरला, मागे मी गेले नाही, तुमचा कागद मी वाचला नाही, आणि मीटिंगमध्ये तुमचं नाव मी घेतलं. एका दमात. रडले नाही, तेवढं एक बरं केलं.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हे मला माहीतच आहे की."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत तुम्ही? कागद होता ना तुमचा!"

"बोलणार होतो. पण म्हटलं, तुम्ही बोलाल. मी थांबलो होतो, मॅडम."

ते थांबले होते. त्या भर मीटिंगमध्ये, सगळे त्यांच्याकडे बघत असताना, ते माझ्यासाठी थांबले होते. आणि मी पाण्याची बाटली उघडत बसले होते.

मी म्हटलं, देवेशशी बोलते, तुम्हाला परत घ्यायला लावते. त्यांनी मान हलवली. "माझं राहू द्या. सुनावणी चोवीसला ना? तिथे सांगा. इथे सांगून त्या लोकांना काय मिळणार?"

त्यांच्या बायकोने निघताना बोंबलांची पुडी दिली. नको म्हणायचंही धाडस झालं नाही.

२० फेब्रुवारी

सांगायचं ते चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी कुठून तरी "कामाच्या दबावाखाली" घुसतं. कसला दबाव? चपला होत्या.

२४ फेब्रुवारी

सांगितलं.

महापालिकेच्या शाळेचा हॉल. सत्तर-ऐंशी माणसं. मागच्या ओळीतले सगळे आलेले, आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. देवेश प्रोजेक्टरवर बाग दाखवत होता. पक्ष्यांच्या आवाजासकट! सुनावणीचे अधिकारी म्हणाले, कोणाला काही म्हणायचंय का. मी उठले. देवेशला वाटलं, मी ड्रेनेजबद्दल बोलणार.

वाक्यं सरळ आली. ती शेड रिकामी नाही. मी न बघता तसं लिहिलं. तांडेलांनी दुसऱ्याच दिवशी दिलेली यादी ही. त्यांना विनाकारण काढलंय. यादी टेबलावर ठेवली.

मग मागून वनमालाबाई. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या दिवशी माझ्या घरात बसलंस. तेव्हा सांगूक काय झाला होता?"

उभी राहिले, बस्स.

अधिकाऱ्यांनी नऊ घरांचं नव्याने सर्वेक्षण करायचा हुकूम दिला. तोवर आराखडा थांबला. बाहेर देवेश म्हणाला, "वाट लावलीस ना सगळ्यांची! मला आधी सांगायचंस, गुपचूप दुरुस्त केलं असतं." खरंच केलं असतं त्याने. आणि तांडेल मात्र तसेच राहिले असते.

२५ फेब्रुवारी

चौकशी होईपर्यंत कामावरून बाजूला. पत्र आलं.

२ मार्च

आईला सांगितलं. मटार सोलत होती. सगळं ऐकलं, शेंगा सोलायची थांबली नाही. मग म्हणाली, "आणि मी चार मजले फिरून आले गं." थोड्या वेळाने उठली, चप्पल घातली. कुठे चाललीस? "नाडकर्णींकडे. जे खरं आहे ते सांगून येते. उद्या त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको."

मी खिडकीत उभी राहून तिला जिना उतरताना ऐकत होते. चौऱ्याहत्तर वर्षांची आई, माझ्या वाटचं सांगायला निघालेली.

६ मार्च

नऊच्या नऊ घरं यादीत आली. तांडेलांचा फोन होता, देवेशने बोलावलंय, पण त्यांनी दुसरीकडे काम धरलंय, आनंदात आहेत. ऑफिसातल्या तिघांचे मेसेज. एकीने लिहिलंय, "तुझ्यासारखी हिंमत लागते." पुन्हा पुन्हा वाचला तो. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. महिन्याभरात पहिल्यांदा मोकळं वाटतंय. झालं एकदाचं.

१० मार्च

चौकशीसाठी माझ्या एकटीच्या सहीची जुनी सर्वेक्षणं मागवलीत. आज सकाळी घरातल्या प्रती काढून बसले. चौथं, घाटकोपरच्या बंद रेल्वे सायडिंगचं, तीन वर्षांपूर्वीचं. पान सात. "पूर्वेकडील खोल्या — रिकाम्या." त्या खोल्या आतून कशा होत्या ते आठवायचा प्रयत्न केला. भिंतींचा रंग, दारं, काहीतरी. काहीच आठवत नाही. कारण मी तिथे गेलेच नव्हते. आता तिथे बावीस मजले उभे आहेत, आणि पिशवीत कागद घेऊन तिथून माझ्याकडे कधीच कोणी आलं नाही.